आधी तुटलेली कड पाहा: रोमन लाल तकाकीचे खापर ओळखण्याची पद्धत

फ्रान्स, जर्मनी किंवा ब्रिटनमध्ये रोमन काळातल्या वस्तीवर खणताना राखाडी-तपकिरी खापरांच्या ढिगात एखादे गडद लाल, चकचकीत खापर हमखास निघते. आधी सगळ्यांची नजर त्या चकाकीवरच जाते. पण कारखाना आणि काळ ठरवताना चकाकीचा भरवसा कमी. तुटलेली कड जास्त सांगते, म्हणून तपासणी कडेपासून सुरू करायची आणि कुंभाराच्या ठशावरचे नाव, कितीही मोह झाला तरी, नंतर वाचायचे. हा क्रम पाळला तर निम्म्या चुका टळतात.

आधी नावाविषयी. या भांड्यांना युरोपात टेरा सिजिलाटा म्हणतात. ब्रिटनमध्ये सेमियन हे नाव रूढ आहे, पण सामोस बेटाशी या भांड्यांचा संबंध नाही. हे नाव वाचून माल ग्रीक बेटावरून आला असे समजू नका.

नकाशा आणि काळ एवढा तरी तोंडपाठ असावा. इ.स.पू. ४०च्या सुमारास इटलीत अरेझ्झो इथे लाल तकाकीची भांडी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. अटेयससारख्या बड्या कारखानदारांचा माल पुढे पिसा आणि लिऑन इथेही बनू लागला. इ.स. १० ते २०च्या दरम्यान दक्षिण गॉलमध्ये (गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स आणि लगतचा प्रदेश), आजच्या मियो गावाजवळ, ला ग्रोफसांकने डोके वर काढले आणि पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत पश्चिमेची बाजारपेठ बव्हंशी ताब्यात घेतली. इ.स. १००च्या आसपास मध्य गॉलमध्ये ले मार्त्र-द-वेर आणि १२०नंतर लेझू पुढे आले. ब्रिटनला दुसऱ्या शतकात गेलेला बहुतेक माल लेझूचाच. पूर्व गॉलमध्ये राइनझाबेर्न आणि ट्रियर दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून तिसऱ्या शतकात बरेच पुढपर्यंत चालले. स्पेनमध्ये त्रिसिओ हे मोठे केंद्र होते. आफ्रिकेतली, म्हणजे आजच्या ट्युनिशियातली, लाल लेपाची भांडी हा वेगळा आणि सातव्या शतकापर्यंत चाललेला पसारा आहे. तो या लेखात घेतलेला नाही.

सामान आणि धुणे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, मऊ दातब्रश, साधे पाणी, काठाचा व्यास मोजायचा वर्तुळांचा तक्ता, कॅलिपर, पेन्सिल, पातळ कागद आणि शिसपेन्सिलीची भुकटी एवढ्यावर काम भागते. एका बाजूने तिरपा प्रकाश देणारा दिवा मात्र हवाच, नाहीतर ठसे वाचता येणार नाहीत.

खापर पाण्यात भिजत ठेवू नका. बोटांनी माती सैल करा आणि ब्रश हलक्या हाताने फिरवा. नीट भाजलेला लेप, म्हणजे वरचे लाल चकचकीत आवरण, टणक असतो, पण कमी भाजलेला लेप ब्रशबरोबर पापुद्र्यासारखा निघून येतो. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे वर बसलेला पांढरा थर काढायला आम्ल वापरणे. या भांड्यांच्या मातीतच चुना आहे. आम्लाने थरासोबत खापराची कडही खाल्ली जाते आणि जी कड वाचायची तीच बिघडते. धुतल्यावर खापर सावलीत, चिठ्ठीसह ट्रेमध्ये सुकवा.

पहिली पायरी: कड

जुनी कड मातीने मळलेली असते. ताजी कड हवी असेल तर पकडीने टोकाचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा तोडतात. पण हे उत्खननाच्या किंवा संग्रहालयाच्या परवानगीशिवाय करायचे नाही, आणि ठसा, नक्षी किंवा काठ यांच्याजवळ तर कधीच नाही. मग भिंगाखाली गाभा पाहा, म्हणजे लेपाच्या आतली माती.

ला ग्रोफसांकचा गाभा फिकट गुलाबी ते गुलाबी-तपकिरी आणि टणक असतो. त्यात पीठ भुरभुरल्यासारखे बारीक पांढरट कण दिसतात, ते चुन्याचे. एकदा डोळ्यांत बसले की ही खूण विसरली जात नाही. दुसऱ्या शतकातल्या लेझूचा गाभा नारिंगीकडे झुकतो आणि प्रकाशात हलवला की त्यात अभ्रकाचे बारीक ठिपके चमकतात. अरेझ्झोचा गाभा फिकट, बदामी छटेचा आणि इतका बारीक असतो की भिंगाखालीही वेगळे कण सहसा दिसत नाहीत. राइनझाबेर्नचा त्या मानाने मऊ आणि नारिंगी-लाल, वर लेपही कमी चकचकीत. ही वर्णने सरासरीची आहेत. खात्री करायची तर ज्याचा कारखाना माहीत आहे असा नमुना शेजारी ठेवूनच करा. छायाचित्रावरून रंग जुळवू नका, दिव्यागणिक तो बदलतो.

गाभा फिकट आणि लेप गडद असे का? भांड्याच्या मातीत चुना भरपूर असतो. भाजताना लोहाचा मोठा भाग चुन्याबरोबरच्या नव्या खनिजांत अडकतो, त्यामुळे माती गुलाबी राहते. लेपाच्या मातीत चुना नगण्य आणि लोह जास्त. तिथे लोह मोकळे राहते आणि लाल दिसते. कडेवर गुलाबी पोळीच्या दोन्ही बाजूंना लाल रेघ दिसते ती यामुळे.

दुसरी पायरी: लेप

हा लेप म्हणजे काचेचा मुलामा नव्हे, आणि नुसते घासून आणलेली चकाकीही नव्हे. चिकणमाती भरपूर पाण्यात कालवायची, जाड कण तळाशी बसू द्यायचे आणि वर तरंगत राहिलेली सर्वांत बारीक माती तेवढी घ्यायची. हे पुन्हा पुन्हा करत गेले की जवळजवळ एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण उरतात. ते चपटे असतात आणि पृष्ठभागावर आपोआप आडवे बसतात. या मातीतल्या पोटॅशियममुळे साधारण ९५० ते १०५० अंश सेल्सिअसला लेप अर्धवट वितळून घट्ट होतो. जाडी १० ते २० मायक्रॉनच्या घरात, केसापेक्षा कितीतरी पातळ. म्हणून खरा लेप नखाने खरवडला जात नाही आणि पाणीही आत शिरू देत नाही.

बुडाखालच्या मातीच्या कड्याजवळ नीट पाहा. भांडे तिथे धरून लेपात बुडवत, त्यामुळे बोटांच्या जागी लेप न लागलेले किंवा पातळ पडलेले ठिपके राहतात. त्यांची नोंद करा. नवशिके त्यांना झीज समजतात.

लाल रंग टिकवायला भट्टीत शेवटपर्यंत हवा खेळती लागते. आपल्याकडच्या कुंभाराच्या आव्यात जळण आणि मडकी एकत्र रचलेली असतात, ज्वाळ आणि धूर थेट मडक्याला लागतो, म्हणून त्यावर काळे डाग उमटतात. गॉलच्या मोठ्या भट्ट्यांत जळणाचे वायू मातीच्या नळ्यांतून वर जात आणि भांड्यांना फक्त उष्णता लागे. एखाद्या जागी लाल खापरांसोबत अशा नळ्यांचे तुकडे आणि भाजताना बिघडलेला माल सापडला, तर ती विक्रीची जागा नाही, कारखाना आहे. ब्रिटनमध्ये कोल्चेस्टरला दुसऱ्या शतकात अशी भट्टी उभारली गेली, नक्षीचे साचेही तिथे सापडले. तो उद्योग मात्र थोड्याच वर्षांत आटोपला.

भट्टीतली चूक खापरावर स्पष्ट दिसते:

- लेप निस्तेज, नारिंगी, पापुद्रे सुटलेला: तापमान कमी पडले.
- लेप तपकिरी-जांभळट, भांडे वाकडे किंवा दुसऱ्याला चिकटलेले: तापमान वाढले. असा माल बाजारात जात नसे, कारखान्याच्या उकिरड्यावर जाई.
- राखाडी किंवा काळसर डाग: नळी फुटली किंवा हवा कमी पडली.

चौथी शक्यता वेगळी आहे. खापर आतपर्यंत काळे, पण आकार शाबूत आणि तकाकी कायम असेल तर भट्टीला दोष देऊ नका. ते नंतरच्या आगीत जळलेले असू शकते. इ.स. ६० किंवा ६१ मध्ये रोमनांविरुद्ध उठलेल्या बूडिका राणीच्या बंडात कोल्चेस्टर जाळले गेले, तेव्हा दुकानातली लाल भांडी अशीच काळी पडली.

तिसरी पायरी: आकार

जर्मन पुरातत्त्वज्ञ हान्स ड्रॅगनडॉर्फ यांनी १८९५ मध्ये या भांड्यांच्या आकारांना क्रमांक दिले आणि तेच आजही चालतात. सगळे पाठ करायची गरज नाही. पुढचे सात ओळखता आले तर गॉलच्या मालाचा मोठा भाग हाताखाली येतो.

१८ ही उथळ ताटली. ती पुढे हळूहळू खोल होत गेली, मधल्या अवस्थेला १८/३१ आणि शेवटच्या खोल रूपाला ३१ म्हणतात. २७ हा दोन फुगीर वळणांचा लहान पेला, साधारण दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. ३३ हा सरळ तिरप्या भिंतीचा पेला. २९ हा मध्ये कोपरा असलेला नक्षीदार वाडगा, इ.स. ८५च्या सुमारास बंद पडला. ३७ हा अर्धगोल नक्षीदार वाडगा, इ.स. ७०च्या आसपास आला आणि शेवटपर्यंत टिकला. ४५ हे आत खडे बसवलेले घोटायचे पात्र, त्याला सिंहमुखी तोटी असते आणि ते साधारण १७०नंतरचे.

फक्त पोटाचा सपाट तुकडा हाती असेल तर क्रमांक लावू नका. काठ, कोपरा किंवा बुडाचे कडे यांपैकी एक तरी हवे. काठाचा व्यास तक्त्यावर मोजताना वर्तुळाचा किमान पाच टक्के भाग शिल्लक असावा. त्याहून लहान तुकड्यावरून काढलेला व्यास अंदाजच असतो, आणि तसे नोंदीत लिहावे.

चौथी पायरी: ठसा

साध्या भांड्यांच्या आत, बुडाच्या मध्यभागी, कुंभाराच्या नावाचा लहान चौकटीतला ठसा असतो. दिवा अगदी तिरपा लावा, खापर हळूहळू फिरवा आणि प्रत्येक अक्षर दिसेल तसे काढा. नाव आधीच मनात धरून अक्षरे शोधायची नाहीत.

नावाआधी ‘ओफ’ असेल तर ते ऑफिसिना, म्हणजे कार्यशाळा. नावामागे ‘एफ’ किंवा ‘फेकित’ म्हणजे ‘याने केले’. ‘एम’ किंवा ‘मानू’ म्हणजे ‘याच्या हातून’. लॅटिन ‘ए’ची मधली आडवी रेघ अनेकदा नसते आणि शेजारची दोन अक्षरे एकात गुंफलेली असतात. काही ठशांत अक्षरांसारख्या नुसत्या रेघोट्या असतात, त्यातून ओढूनताणून नाव काढू नये. चौकटीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. एकाच कुंभाराकडे अनेक ठसे असत, आणि ठशाचे टोक तुटले की पुढची भांडी त्याच तुटक्या ठशाने उमटत. नावापेक्षा नेमका ठसा कोणता हे कळले तर काळ जास्त घट्ट पकडता येतो. इटलीच्या मालावर ठसा माणसाच्या पावलाच्या आकाराचा असेल तर तो साधारण इ.स. १५ किंवा त्यानंतरचा.

क्रमांक २९च्या वाडग्यात आतल्या बाजूचे नाव बाहेरच्या नक्षीच्या कारागिराचे नसते. साचा एकाचा, त्यात वाडगा काढून पुरा करणारा दुसरा, आणि आतला ठसा त्या दुसऱ्याचा. म्हणून नक्षी आणि नाव यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करा.

पाचवी पायरी: नक्षी

नक्षी हाताने कोरलेली नसते. आधी चाकावर जाड भिंतीचा वाडगा करत. तो ओला असताना त्याच्या आत लहान मातीच्या ठोकळ्यांनी माणसे, प्राणी, पाने उमटवत आणि भाजून साचा तयार होई. साचा चाकावर मध्यभागी ठेवून त्यात माती दाबत. भिंत वर ओढत साच्याच्या काठाबाहेर आणत, आणि तो बाहेर आलेला भाग म्हणजे ३७च्या वाडग्यावरची नक्षीवरची कोरी पट्टी. सुकताना माती आकसते आणि वाडगा आपोआप सुटतो. बुडाचे कडे त्यानंतर लावत.

त्यामुळे पहिली नजर माणसांच्या किंवा प्राण्यांच्या आकृतींवर नको. आकृतींचे ठोकळे एकाकडून दुसऱ्याकडे जात, त्यांची नक्कलही होई. आधी कोऱ्या पट्टीखालची अंडाकृतींची ओळ पाहा. अंडाकृतीची रुंदी, तिच्या शेजारी लोंबणारी उभी पट्टी, म्हणजे जीभ, डावीकडे की उजवीकडे, जिभेच्या टोकाला गोंडा आहे की ठिपका, ओळीखाली रेघ सरळ की नागमोडी: साचा करणाऱ्याची ओळख बहुतेकदा इथे लागते. मग पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीच्या भुकटीने ठसा उतरवून घ्या. नक्षीच्या छायाचित्रापेक्षा असा उतारा तुलनेला जास्त उपयोगी पडतो, कारण मोजमाप खरे राहते.

लेझूच्या सिनामस या कारागिराचे वाडगे दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या वस्त्यांवर फार सापडतात. त्याचे नाव नक्षीतच, मोठ्या पाटीसारख्या ठशात असते. साच्यात दाबलेल्या ठशाची अक्षरे वाडग्यावर बरेचदा उलटी उमटलेली असतात. अशा वेळी कागदी उतारा मागून प्रकाशाला धरून वाचा.

तीच आकृती, पण किंचित लहान आणि बोथट दिसली तर तयार वाडग्यावरून पुन्हा साचा काढला असण्याचा संशय घ्या. प्रत्येक वेळी माती आकसते, म्हणून मोजमापच नक्कल उघडी पाडते.

काळ लावताना

माल किती निघत होता याची कल्पना असली की एकेका खापराचे वजन कळते. ला ग्रोफसांक इथे ताटल्यांवर भाजण्याआधी कोरलेल्या भट्टीच्या याद्या सापडल्या आहेत, लॅटिन आणि गॉलिश भाषांच्या मिश्रणात. कुंभाराचे नाव, भांड्याचा प्रकार, माप आणि संख्या असा हिशेब त्यांत आहे. एका भट्टीत अनेकांचा माल एकत्र लागे आणि बेरीज २५ ते ३० हजारांपर्यंत जाई. एवढा माल एकाच वेळी बाहेर पडत असल्याने तो दूरदूरच्या वस्त्यांवर जवळपास एकाच सुमारास पोचे, आणि खापरावरून काळ लावणे शक्य होते ते याच कारणाने.

माल एकटा फारसा जात नसे. स्पेनच्या ईशान्य टोकाला, क्रेउस भूशिराजवळ बुडालेल्या कुलिप ४ या जहाजावर तेलाच्या मोठ्या कुंभांसोबत ला ग्रोफसांकची अडीच हजारांहून जास्त भांडी होती. इंग्लंडच्या केंट किनाऱ्याबाहेर पुडिंग पॅन भागात अठराव्या शतकापासून समुद्रातले कालवे (ऑयस्टर) काढणाऱ्यांच्या जाळ्यांत मध्य गॉलची साधी भांडी येत राहिली. पाँपेई इथे तर दक्षिण गॉलचे ९० नक्षीदार वाडगे आणि ३७ दिवे असलेली पेटी निघाली, न उघडलेली. त्यात २९ आणि ३७ हे दोन्ही आकार एकत्र आहेत. इ.स. ७९ मध्ये, म्हणजे ज्वालामुखीच्या उद्रेकात पाँपेई गाडले गेले तेव्हा, जुना आकार जात होता आणि नवा येत होता, याचा याहून चांगला पुरावा मागायला नको.

पण कारखान्याचा काळ म्हणजे थराचा, खापर ज्या मातीच्या थरात सापडले त्याचा, काळ नव्हे. खापर एवढेच सांगते की थर त्याच्या आधीचा नाही. ही भांडी लोक जपून वापरत. तडा गेला तर दोन्ही बाजूंना भोके पाडून शिशाच्या पट्टीने सांधत. भोकाच्या कडा तपासा: लेप भोकाच्या काठाशी तुटलेला असेल तर भोक नंतरचे. आतल्या बुडाचा लेप गोलाकार झिजला असेल तर वापर लांबलेला. मध्य गॉलमधून ब्रिटनला होणारी निर्यात इ.स. २००च्या सुमारास आटली, तरी जुनी भांडी तिसऱ्या शतकातही वापरात होती. थराचा काळ एका खापरावरून नको. त्या थरातले सर्वांत उशिराचे खापर शोधा आणि शक्य तिथे नाण्याशी ताडून पाहा.

भारतातली खापरे

पुद्दुचेरीजवळ अरिकामेडू इथे १९४५ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात अरेझ्झो पद्धतीची खापरे आणि त्यांवर विबिए, कामुरी, इत्ता असे ठसे मिळाले. इटलीतला काळ माहीत असलेल्या या मूठभर तुकड्यांवर दक्षिण भारतातल्या स्थानिक खापरांचा कालक्रम उभा राहिला.

महाराष्ट्र आणि गुजरातच्या जुन्या वस्त्यांवर मात्र एक फसगत होते. तिथली चकचकीत लाल घोटीव खापरे पाहून पूर्वी रोमन प्रभावाची चर्चा बरीच झाली. पण ती भारतीय आहेत. त्यांची चकाकी प्रामुख्याने घोटून आणलेली असते, वितळून घट्ट झालेल्या लेपाची नाही. भिंगाखाली घोटण्याचे बारीक पट्टे दिसतात का ते पाहा. आकारही वेगळे असतात: बारीक तोटीचे पाणी शिंपडायचे पात्र या घोटीव भांड्यांत नेहमीचे, ड्रॅगनडॉर्फच्या क्रमांकांत ते नाही.

नोंद

प्रत्येक खापराची नोंद त्याच क्रमाने करा: गाभा, लेप, आकार, ठसा, नक्षी, वापराच्या खुणा, आणि शेवटी कारखाना व काळ. पाहिलेले आणि त्यावरून ठरवलेले यांच्यामध्ये रेघ ओढा, म्हणजे पुढच्या माणसाला तुमचा निष्कर्ष तपासता येईल. नमुन्यादाखल:

गाभा फिकट गुलाबी, टणक, बारीक पांढरट कण. लेप गडद लाल, चकचकीत, दोन्ही बाजूंना शाबूत. आकार २९, काठ ते कोपरा, व्यास २२ सेंमी, परिघाचे ८ टक्के. ठसा नाही, बूड मिळालेले नाही. वरच्या पट्ट्यात वेलपत्ती, कागदी उतारा जोडला आहे. डागडुजीचे एक भोक, व्यास ४ मिमी, नंतर पाडलेले. | ला ग्रोफसांक. कारखान्याचा काळ इ.स. ५० ते ८५, नक्षीवरून. थराचा काळ यावरून ठरवलेला नाही.